बादली

सोहारच्या कॅम्पात पहाटे साडेतीनला
नळापुढे माणसं नसतात, बादल्या असतात.
निळी, झाकणाची, ती इमामुद्दीनची.
रंगाचा डबा कापून केलेली टेकबहादूरची.
माझीची कडी तुटलेली, तिला तार.
मालक झोपलेला असतो, नंबर जागा.
तीन वर्षांत कुणी कुणाची बादली सरकवलेली
मी पाहिली नाही.
(एकदा सरकली होती. वाऱ्यानं. तरी भांडण झालं.)

रात्रपाळी नसली की मी फोनमधल्या खाणीवर जातो.
दिवसभर भट्टीपाशी ॲल्युमिनियम,
रात्री पांघरुणात तांबं.
इमामुद्दीन म्हणतो, तुला धातूच चावलाय.

तिथला कायदा एका ओळीचा:
दगडाला ज्याचा हात लागेल त्याचा दगड.
ज्याच्या हाती ससा तो पारधी.
पण दगडापुढे अस्वल असतं.
अस्वलाशी मी झुंजायचं, निम्मा जीव घालवायचा,
तोवर मागून कुणी चमकत्या चिलखताचा येणार,
तीन टिचक्या, दगड रिकामा,
आणि वर नाचून दाखवणार.
नाचायचं बटण आहे तिथे.
माफीचं नाही.

एकदा मी लिहिलं, रडीचा डाव!
मराठीतच लिहिलं, रागाला भाषांतर सुचत नाही.
तो अरबीत हसला.
अक्षर कळत नसलं तरी हसणं वाचता येतं.

मग मला नळ आठवला.
अस्वलावर जाण्याआधी मी झोळीतला पाव काढून
दगडापाशी ठेवला. म्हणजे: मी आहे, येतोय.
पहिल्या रात्री दगडही गेला, पावही.
दुसऱ्या रात्री तेच.
बहुतेक नवव्या रात्री
पाव गेला आणि दगड राहिला.
मी बराच वेळ बघत बसलो.
भूक लागली असेल. किंवा त्याच्या गावात
बादलीचा अर्थ वेगळा असेल.
पुढे उन्हाळ्यात, दूर उत्तरेच्या डोंगरात,
जिथे मी कधी गेलो नव्हतो,
एका दगडापाशी कुणाचा तरी कांदा ठेवलेला दिसला.
मी वाट बदलली.
कुणी पाहिलं नाही. वरून गुण मिळत नाहीत याचे.

हे इथे संपवलं असतं तर बरं झालं असतं.

पण त्याआधीचं एक आहे.
रमजान होता, कॅम्पातलं नेट पहाटेपर्यंत जड.
एक जण लाकडाचं दांडकं घेऊन
अस्वलाला मारत होता, मरत होता, परत येत होता.
चौथ्या पातळीचा. अंगावर सुरुवातीचाच सदरा.
लहानपणी असल्याला आम्ही कच्चा लिंबू म्हणायचो,
खेळू द्यायचो, त्याच्यावर राज्य द्यायचो नाही.
माझ्या हातोड्याला एकच तांबं कमी होतं.
एकच.
मी घेतलं.
नाचलो नाही, एवढं खरं.
अस्वल पडल्यावर तो दगडाकडे आला
आणि रिकाम्या दगडावर टिचक्या मारत राहिला,
आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटून.

त्याचं नाव म्हणजे नुसते आकडे होते, मी पाठ केलेत.
तो पुन्हा दिसला नाही.
झोळीत त्याच्यासाठी अकरा तांबी आहेत,
जागा अडते, विकत नाही.
हातोडा चांगला निघाला, हेही सांगून टाकतो.

आज पहाटे नळापुढे बादल्यांच्या रांगेत
माझ्यापुढे एक स्टीलचा पेला.
काल रात्रीच्या बसनं एक पोरगा आलाय परभणीचा,
त्याच्याकडे अजून बादली नाही.
टेकबहादूर म्हणाला, पेल्याचा नंबर धरायचा का?
इमामुद्दीन माझ्याकडे बघायला लागला,
जणू मी या खात्याचा अधिकारी.

पाणी आलं.
पेला भरायला चार सेकंद लागतात.
पण पोरगा झोपलेला,
आणि पेला आपण होऊन पुढे सरकत नाही.
मी तार धरून उभा.
मागून कुणीतरी म्हणालं, चल ना, पाणी जाईल.